लोहपूरके, गरोदरपणातील (नागपूर व विदर्भ)

गरोदरपणात रक्तक्षय होऊ नये, किंवा झालेला बरा व्हावा, यासाठी दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्या, पातळ औषधे व शिरेतून द्यायची इंजेक्शने. यांतली सर्वांत ओळखीची म्हणजे सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी लाल गोळी. तिच्यात 60 मिग्रॅ. लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ठरलेल्या मात्रेत ती आईला आणि गर्भाला सुरक्षित आहे. नागपूर आणि भोवतालच्या विदर्भात मात्र या विधानाला सिकलसेल या आनुवंशिक रक्तरोगाची पुरवणी जोडावी लागते.

एका गरोदरपणाला एकूण सुमारे 1,000 मिग्रॅ. लोह लागते. साधारण 300 मिग्रॅ. बाळ आणि वार घेतात, 450 ते 500 मिग्रॅ. आईच्या वाढत्या तांबड्या पेशींत जाते, बाकीचे शरीराच्या रोजच्या झिजेत. पाळी थांबल्याने थोडी बचत होते, पण तेवढ्यावर भागत नाही. पोळी, भाकरी, डाळी आणि पालेभाज्यांमधले लोह शरीरात कमी शोषले जाते. त्यामुळे ‘बीट, गूळ आणि खजूर खा, गोळी कशाला’ हा सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी हिशेबात बसत नाही.

भारतात गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्ल देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 मध्ये सुरू झाला. पुढे गोळीतले लोह 100 मिग्रॅ. करण्यात आले आणि 2018 च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ते पुन्हा 60 वर आले. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही 30 ते 60 मिग्रॅ.चीच आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस, असा क्रम आहे. गोळीतल्या फॉलिक आम्लाचे मूळ मुंबईत सापडते. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई 1928 मध्ये मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो हे त्यांनी दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल.

नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने पूर्व महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या 72,750 स्त्रियांच्या 2009 ते 2016 या काळातल्या गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमखाली गेले की रक्तक्षय आणि 7 ग्रॅमखाली गेले की तो तीव्र मानतात. तीव्र रक्तक्षयात कमी वजनाचे बाळ, मृत जन्म आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावात आईचा जीव जाणे हे धोके वाढतात. तरीही 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 180 दिवस गोळ्या घेणाऱ्या माता 26 टक्केच होत्या. ‘गोळीने बाळ फार मोठे होते आणि बाळंतपण जड जाते’, ‘बाळ काळे निपजते’ या समजुती त्याला काही अंशी कारण आहेत. दोन्हींना आधार नाही. गोळीने काळी होते ती शौच. पण डांबरासारखी चिकट, दुर्गंधी शौच हे रक्तस्रावाचे लक्षण असते, तेव्हा दवाखाना गाठावा.

सिकलसेलचा प्रश्न वेगळा आहे. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांत या रोगाचे जनुक आढळते. नागपुरातल्या जरीपटक्यासारख्या सिंधी वस्त्यांत बीटा थॅलॅसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तरोगाचे वाहकही आहेत. सिकलसेल वाहक (एएस) स्त्रीला लोहाची गोळी नेहमीसारखीच चालते, आणि तिला लोहाची कमतरता असेल तर ती लागतेच. रुग्ण (एसएस) स्त्रीचे हिमोग्लोबिन कमी असते ते प्रामुख्याने पेशी लवकर फुटतात म्हणून. फुटलेल्या पेशींमधले बहुतेक लोह शरीरातच राहते. तिला वारंवार रक्त चढवले असेल तर प्रत्येक पिशवीबरोबर आणखी 200 ते 250 मिग्रॅ. लोह आत जाते. अशा स्त्रीचा ‘आकडा वाढत नाही’ म्हणून गोळ्या दुप्पट करत राहणे चूक, आणि ‘सिकलसेल आहे म्हणून लोह बंद’ हेही तितकेच चूक. विदर्भात रक्त फारसे न चढवलेल्या, अर्धपोटी राहिलेल्या रुग्ण स्त्रीला सिकलसेल आणि लोहाची कमतरता दोन्ही असू शकतात. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटीन रक्तात तपासून ते ठरवावे. मात्र संसर्ग वा दाह असेल तर फेरिटीन उगाच वाढलेले दिसते. फॉलिक आम्ल एसएस रुग्णाला रोजच हवे, साधारणपणे 5 मिग्रॅ., म्हणजे लाल गोळीतल्या मात्रेच्या दहापट.

गावपातळीवर होणारी विद्राव्यता चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण ते प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीवरच कळते. ही तपासणी पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, कारण पतीही वाहक निघाला तर प्रत्येक बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते आणि गर्भाच्या तपासणीला वेळ उरायला हवा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै 2023 मध्ये सुरू झाली.

गोळीचे बाकीचे दुष्परिणाम त्रासदायक असले तरी घातक नाहीत: मळमळ, बद्धकोष्ठता, छातीत जळजळ, तोंडाला येणारी धातूची चव. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, शोषण थोडे घटते; तिला टाकून देण्यापेक्षा ते परवडले. लिंबूपाण्यासोबत ती चांगली लागू पडते. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. एक चूक सहज होते: सरकारी गोळी चालू असतानाच खासगी डॉक्टरने लिहिलेली लोहाची गोळीही घेणे. वेष्टनांवरची नावे वेगळी असली तरी आतले लोह तेच असते, तेव्हा दोन्ही पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत.

सौम्य व मध्यम रक्तक्षयात रोज दोन गोळ्या देतात. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेही वाढले नाही तर मोठ्या रुग्णालयात पाठवतात, आणि विदर्भात सिकलसेलची शंका येण्याची ही नेमकी जागा आहे. शिरेतून दिले जाणारे आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज पहिल्या तिमाहीत टाळतात. जुन्या इंजेक्शनांच्या मानाने यांत तीव्र ॲलर्जीचा धोका बराच कमी आहे. तरीही अशा ॲलर्जीवर उपचारांची तयारी असलेल्या दवाखान्यातच ती घ्यायची असतात.

लाल गोळीचा सर्वांत गंभीर धोका गरोदर बाईला नाही, तर घरातल्या दुसऱ्या लेकराला असतो. साखरेचे आवरण असलेली ही गोळी चॉकलेटसारखी दिसते. वजनाच्या दर किलोमागे 60 मिग्रॅ. लोह पोटात गेले तर प्राणघातक विषबाधा होऊ शकते, म्हणजे दहा किलोच्या मुलाला दहा गोळ्या पुरेशा असतात. त्याहून कमी गोळ्यांनीही विषबाधा होते. आधी उलट्या होतात, मग काही तास मूल बरे वाटते आणि नंतर यकृत निकामी होऊ लागते. मधल्या काळातल्या त्या बरे दिसण्यावर विसंबू नये. गोळ्या खाल्ल्याचे कळताच मुलाला आणि रिकामे पाकीट सोबत घेऊन नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) यांसारख्या मोठ्या रुग्णालयात जावे.