वनजिल्ह्यांतील वेब अनुप्रयोग : प्रतिमान व विकास

महाजालावरील सेवा-संगणकात ठेवलेली आणि न्याहाळकाद्वारे दुरून वापरता येणारी आज्ञावली म्हणजे वेब अनुप्रयोग होय. साध्या संकेतस्थळावरील मजकूर केवळ वाचावयाचा असतो. अनुप्रयोगात मात्र वापरणारा स्वतः माहिती भरतो, ती तपासली जाते आणि तीवरून पुढील कार्यवाही होते. म्हणून अशी आज्ञावली लिहिण्यापूर्वी कोणत्या घटकांची नोंद ठेवावयाची, त्यांचे परस्परसंबंध कोणते आणि एखादी नोंद एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत कोणाच्या संमतीने जाते, यांचा आराखडा करावा लागतो. या आराखड्यास प्रतिमान म्हणतात. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत प्रतिमानाचा प्रश्न केवळ तांत्रिक राहिला नाही. कारण तेथे जंगलावरील हक्क पुष्कळदा गावाचे सामूहिक असतात, तर शासकीय नोंदवह्या बहुधा व्यक्तीच्या नावाभोवती रचलेल्या असतात.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हानजीकच्या सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली. १९९३ च्या सुमारास सेवा-संगणकाकडून आज्ञावली चालवून पान तयार करण्याची सोय झाली आणि स्थिर पानांच्या जागी अनुप्रयोग येऊ लागले. त्याच वर्षी गार्झोत्तो, पाओलिनी व श्वाबे यांनी एचडीएम हे प्रतिमान प्रसिद्ध केले. माहितीची रचना व तिच्यातून फिरण्याच्या वाटा यांचा विचार वेगवेगळा करावा, ही त्यातील मूळ दृष्टी होती. श्वाबे व रॉसी यांची ओओएचडीएम पद्धती (१९९५) आणि मिलान येथील वेबएमएल ही आरेखनभाषा (२०००) हे तिचेच पुढील टप्पे होत. वेबएमएलच्या अनुभवावर आधारलेल्या आयएफएमएल भाषेस २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण गटाने मान्यता दिली. प्रत्यक्ष व्यवसायात मात्र या आरेखनांपेक्षा तयार सांगाडे अधिक रुजले. माहिती, तिचे दर्शन व नियंत्रण यांची फारकत करणारी रचना ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्येच मांडली होती; रूबी ऑन रेल्स (२००४) व जँगो (२००५) यांनी तिच्या धर्तीची विभागणी वेबवर सर्वपरिचित केली. एरिक इव्हान्स यांनी २००३ मध्ये पुरस्कारिलेली दृष्टी प्रस्तुत विषयास विशेष जवळची आहे. आज्ञावलीतील संज्ञा या त्या क्षेत्रातील जाणत्या माणसांच्या बोलीतूनच घ्याव्यात, असा तिचा आग्रह आहे.

कागदी नोंदवही हेदेखील एक प्रतिमानच असते. पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झाले व २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून सु. १४,४१२ चौ. किमी. क्षेत्राचा गडचिरोली जिल्हा वेगळा करण्यात आला. या भागात सातबाऱ्याच्या जोडीला निस्तारपत्रक असे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्येही त्यास स्थान मिळाले. सातबारा खातेदाराची व त्याच्या भूखंडाची नोंद करतो. निस्तारपत्रक गावकऱ्यांनी मिळून बिनभोगवट्याच्या जमिनीतून सरपण, चराई, इमारती लाकूड इ. कसे घ्यावे, हे सांगते. जुना कारकून या दोन्ही प्रकारांत गल्लत करीत नसे. संगणकाच्या तक्त्यात मात्र ‘धारक’ हा एकच रकाना ठेवला, की हा भेद नाहीसा होतो.

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजना २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे होते. तिच्या वेब अनुप्रयोगात कुटुंबाचे जॉबकार्ड हा मुख्य घटक होता व काम, हजेरीपट आणि मजुरी त्यास जोडलेली असे. पुढे १ जानेवारी २०२३ पासून बहुतेक सर्व कामांवर मोबाईलद्वारे दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी आवश्यक करण्यात आली. भामरागड, एटापल्ली यांसारख्या तालुक्यांत मोबाईलचे जाळे दीर्घकाळ विरळ होते आणि पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यात वारंवार तुटत आला आहे. जाळे सदैव उपलब्ध आहे, असे गृहीत धरणारी रचना अशा ठिकाणी मजुरीच अडवून ठेवू शकते. माहिती प्रथम उपकरणातच साठवून जाळे मिळताच ती पाठविणारी पद्धती २०१५ नंतर प्रगतिशील वेब अनुप्रयोगांच्या रूपाने पुढे आली. तीत एकाच नोंदीत दोघांनी वेगवेगळे बदल केल्यास ग्राह्य कोणता, हे आधीच ठरवावे लागते. हा निर्णय आज्ञावलीकारावर सोडणे योग्य नव्हे.

सर्वांत कठीण कसोटी वनहक्कांची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी अंमलात आले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला व २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एका दावेदारास एक भूखंड जोडणारे प्रतिमान येथे अपुरे ठरते. सामूहिक दाव्यात धारक ही ग्रामसभा असते, तिचे सदस्य बदलत राहतात आणि शेजारच्या गावांच्या पारंपरिक सीमा परस्परांवर पडू शकतात. नकाशावर दोन क्षेत्रे एकमेकांवर आली, की ती चूक समजून आज्ञावलीने नाकारावयाची, की सामायिक हक्क म्हणून नोंदवावयाची, या निवडीवर गावाची उपजीविका अवलंबून असते.

दाव्याचा प्रवास ग्रामसभा, उपविभागीय समिती व जिल्हा समिती असा वरवर सरळ दिसतो. परंतु २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वरच्या समितीने अपुरा दावा परस्पर फेटाळू नये, तर तो फेरविचारार्थ ग्रामसभेकडे परत पाठवावा. शिवाय निर्णयाने व्यथित व्यक्तीस साठ दिवसांत दाद मागता येते. प्रवाहचित्रात हा उलटा बाण काढलाच नाही, तर कायद्याने दिलेली संधी पडद्यावर उरत नाही. उपग्रहचित्रे इतर पुराव्यास पूरक होत, पर्यायी नव्हेत, असेही हे नियम सांगतात. त्यामुळे चित्रात शेत दिसत नाही एवढ्यावरून दावा आपोआप अमान्य करणारी तपासणी नियमबाह्य ठरेल. फेटाळलेल्या दाव्यांच्या फेरतपासणीसाठी मध्य प्रदेशात २०१९ मध्ये वनमित्र हा अनुप्रयोग आणण्यात आला, तेव्हा गावपातळीवर संगणक व जाळे यांची उणीव असल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या.

२९ डिसेंबर २०२३ रोजी वनोपजाच्या वाहतूक परवान्यांसाठी राष्ट्रीय प्रणाली देशभर सुरू झाली. गौण वनोपजाचा परवाना देण्याचा अधिकार २०१२ च्या नियमांनी ग्रामसभेच्या समितीस वा तिने नेमलेल्या व्यक्तीस दिला असल्याने, अशा प्रणालीत ग्रामसभेस अर्जदार नव्हे, तर परवाना देणारी संस्था म्हणून स्थान असणे अगत्याचे आहे. तुलनेने भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची वणव्याची सूचनाप्रणाली (२००४ पासून) सोपी आहे : उपग्रहाने टिपलेला उष्ण बिंदू वनविभागाच्या हद्दींशी ताडून पाहावयाचा व संबंधितांना संदेश पाठवावयाचा, एवढेच तिचे कार्य. मोह व तेंदूच्या हंगामात या जंगलांत तिचा उपयोग होतो.

भाषेचा प्रश्न अद्याप मागेच आहे. या भागातील अनेकांची मातृभाषा गोंडी किंवा माडिया आहे. त्यांतील व्यक्तिनामे व ग्रामनामे देवनागरीत निरनिराळ्या प्रकारे लिहिली जात असल्याने एकाच माणसाची नावे दोन नोंदवह्यांत जुळत नाहीत. मसराम गोंडी लिपीस २०१७ मध्ये व गुंजाळा गोंडी लिपीस २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले.