खाडीपलीकडचं विद्यापीठ

साल १५६५. वसईच्या खाडीवर, नायगावच्या काठावरून तुम्ही होडीत बसता. ओहोट लागलेली, पाणी आपसूकच होडी पश्चिमेला, वसई किल्ल्याकडे ओढून नेतं. गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांना देऊन ३१ वर्षं झालीत. बंदरावर उतरलात की घडीव दगडांचे ढीग, चुन्याच्या घाण्या आणि पाथरवटांची ठकठक. जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत आठ-नऊ वर्षांची मुलं धडे घोकतायत. त्यांतल्या एकाकडे नीट बघा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच, नाव गोन्सालो गार्सिया. हा मुलगा पुढे जपानला जाणार आहे, तिथली भाषा शिकणार आहे, दुभाष्या म्हणून तिथल्या सत्ताधीशापुढे उभा राहणार आहे. १५९७ मध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर मारतील आणि १८६२ मध्ये पोप त्याला संतपद देतील. वसईत शिकलेलं पोर जगाच्या त्या टोकाला पोचलं.

आता मे १७३९ मध्ये या. चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातलाय. खाडीच्या दक्षिण तीरावरचा धारावीचा किल्ला मराठ्यांनी आधीच घेतला, त्यामुळे पाण्याची वाट आवळली गेली आहे. सान सेबास्तियान बुरुजाखाली सुरुंग उडतात, धुळीचा लोट आकाशात चढतो, दात करकरतात. काही दिवसांतच पोर्तुगीज शरण येतात आणि जहाजांतून निघून जातात. जेझुइटांची विद्यालयाची इमारत उभी राहते, विद्या मात्र तिथून उठते.

आणखी ३६ वर्षं पुढे, १७७५. नायगावच्या काठावर उभे राहा. पायाखालची जमीन पेशव्यांची. समोर भाईंदरपासूनचं साष्टी बेट इंग्रज कंपनीने नुकतंच बळकावलेलं. म्हणजे ही खाडी आता दोन राज्यांची सरहद्द आहे. १७८० मध्ये कंपनी वसईही घेईल, साल्बाईच्या तहात ती परत करील, सरहद्द पुन्हा याच पाण्यावर येईल. ३१ डिसेंबर १८०२ला दुसरे बाजीराव वसईतच तहावर सही करतील. १८१८ मध्ये पेशवाई बुडेपर्यंत ही सरहद्द पुसली गेलेली असेल.

१८६७ चा एप्रिल. विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली लोकल निघाली आहे. इंजिनाचा धूर सोडत ती खाडी ओलांडते, खाली पाणजू बेट मागे पडतं. काठावरच्या मिठागरांत मजूर गुडघ्याएवढ्या खाऱ्या पाण्यात वाकलेत. भरतीचं पाणी खणात अडवायचं, उन्हाने आटू द्यायचं, वर आलेला मिठाचा थर फळीने ओढून बांधावर रचायचा, आणि पाऊस पडायच्या आत सगळं उचलायचं. मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. या रुळांनी ते विद्यापीठ इथल्या मुलांच्या आवाक्यात आणलं.

आजच्या नायगावात पोचलात की पूर्वेला इमारतींच्या रांगा दिसतात. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. वसईत वर्तक महाविद्यालय आहे, गोन्सालोच्या नावाचं महाविद्यालयही आहे. तरी सकाळच्या गाडीत दारापाशी दाटीवाटीने उभी असलेली कितीतरी पोरं शिकायला खाडीपलीकडेच निघालेली असतात.

त्यांनी जावं, जग बघावं. पण या मातीचा अभ्यास करायलाही कुणी इथे यावं. शेजारी सोपाऱ्यात १८८२ साली संशोधक भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणून काढला, त्याच गावात अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. किल्ल्यात पोर्तुगीज थडग्यांवरचे लेख ऊन-पाऊस खात पडलेत. इथल्या कुपारी ख्रिस्ती समाजाची कादोडी बोली, कोळ्यांचं खाडीचं ज्ञान, मिठागरांची रीत हे सगळं माणसांच्या तोंडी आणि हातांत आहे, आणि ती माणसं म्हातारी होतायत. इमारती जितक्या वेगाने चढतायत तितक्याच वेगाने हे जाणणारी पिढी सरतेय. म्हणून नायगाव-वसईला आता नुसत्या पदव्या देणारी नव्हे, तर इतिहास, बोली आणि खाडी एकत्र अभ्यासणारी संस्था हवी. पालिकेने जागा द्यावी, विद्यापीठाने अभ्यासक्रम आखावा आणि पहिल्या वर्गात शिकवायला इथल्याच कोळ्याला, इथल्याच मिठागरातल्या मजुराला बोलवावं.