पहिलीचा आठवडा

एखाद्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो की मी आधी भिंतीवरचे वेळापत्रक वाचतो. अकोल्यात कॉलेजला शिकवू लागल्यापासूनची ही सवय. भाषा, गणित, खेळ, कला. शनिवारी सकाळची शाळा. सहा दिवसांचा हा तक्ता निरुपद्रवी दिसतो. पण त्यात आपल्या पोरांना बसायला जागा मिळावी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या भांडावे लागले, हे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत येत नाही. तिथे फ्रोबेल येतो, माँटेसरी येते. धारवाडचा महार मुलगा येत नाही.

१८५६ साली या मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला; एकासाठी बाकीची मुले शाळा सोडतील, ही भीती. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे कळवले. कागद खुला झाला, दार नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच मांडले. महारमांगांना इतरांशेजारी बसू देत नाहीत, म्हणून ते शाळेबाहेरच राहतात, हे त्यांनी सरकारला स्पष्ट सांगितले. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी सगळ्यांना पाठ आहे. पण शाळेत काय चालावे, हेही त्यांनी सांगितले होते, तिकडे आपले कार्यकर्ते फारसे बघत नाहीत. मोडी आणि बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची माहिती, आरोग्य. आणि मास्तर कसा, तर नांगराची मूठ धरायला न लाजणारा. नगरच्या फरारबाईंची मुलींची शाळा पाहून ज्यांनी पुण्यात स्वतः शाळा काढली, त्यांचे हे मत आहे.

वेळापत्रकात पाणी हा विषय नसतो. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमरावांना मात्र तोच धडा रोज होता. शिपाई असेल तरच नळ सुटायचा. नाही तर तहान घेऊन बसायचे. बसायला स्वतःचे गोणपाट, तेही शाळा झाडणारा नोकर शिवत नसे, म्हणून रोज घरून न्यायचे आणि आणायचे. १९१९ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या आणि मुले एका खोलीत बसवली. ब्रिटिश मुलखात त्याला फार उशीर लागला.

माझे आजोबा पहिली शिकले ते ओसरीच्या पायरीवर. मास्तर त्यांची पाटी हातात घेत नसत, लांबून बघत. दुसरीत ते गेलेच नाहीत. मी पहिलीत गेलो १९९६ साली, खोलीच्या आत, सगळ्यांबरोबर. तेव्हा हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे, म्हणून आई शनिवारसुद्धा बुडवू देत नसे. केर काढायला मुलांचे वार लावलेले होते. आमच्या वाड्यातल्या पोरांचा वार मात्र रोज यायचा. याला अस्पृश्यता म्हणायचे की सवय, हा वाद कॉलेजातले सहकारी माझ्याशी अजून घालतात.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले. म्हणजे दिवसाला चार तास, सहा दिवसांच्या आठवड्याला चोवीस. अकोले तालुक्यात पाऊस सरला की डोंगरपट्ट्यातली ठाकर, महादेव कोळी कुटुंबे नारायणगावकडे शेतमजुरीला उतरतात; त्याच सुमाराला बीड-पाथर्डीकडची माणसे इकडे ऊस तोडायला येतात. उचल घेतलेल्या माणसाला रविवार नसतो, त्याच्या पोराला सोमवार नसतो. त्यात २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार सरकारने पुढे आणला. एका वाडीहून दुसऱ्या वाडीला जाताना मध्ये ओढा असतो, हे मंत्रालयातून दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका शाळेचा हजेरीपट पाहिला. पहिलीत सात नावे. त्यातल्या एका मुलीपुढे दिवाळीपासून गैरहजेरीच्या खुणा, ओळीने. मास्तरांनी नाव काढलेले नव्हते. म्हणाले, ‘येते पावसाला. मागच्या सालीही अक्षरे विसरून आली होती. पुन्हा अ-पासून घेतो.’