सेडान : स्पोर्टी आवृत्ती आणि आरामदायी आवृत्ती

एकाच मॉडेलच्या सेडान मोटारीची दोन प्रकारची घडण. सांगाडा, दारे, डिकी आणि बहुतेक पत्रा दोन्हींत सारखाच असतो. इंजिनाची ताकद, गिअरबॉक्स, स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, टायर, सीट आणि सजावट यांत फरक केलेला असतो. स्पोर्टी आवृत्ती वळणावर कमी झुकते, स्टिअरिंग फिरवताच वळते आणि बहुधा जास्त ताकदीची असते. आरामदायी आवृत्ती रस्त्याचे हादरे आतल्या माणसांपर्यंत कमी पोचू देते आणि केबिन शांत ठेवते. शोरूममध्ये हा प्रश्न स्वभावाचा म्हणून मांडला जातो : तरुणाने ही घ्यावी, कुटुंबवत्सल माणसाने ती. खरे तर गाडी कोणत्या रस्त्यावर, किती वेगाने चालणार आणि तिच्यात कोण कुठे बसणार, यावर हा निर्णय व्हायला हवा. मऊ गाडी प्रत्येक वेगाला आरामाची नसते आणि टणक गाडी चपळ असतेच असे नाही.

हा भेद नावारूपाला आला तो युरोपात. सित्रोएनने १९५५ मध्ये डीएस ही सेडान आणली. तेल आणि वायूच्या दाबावर चालणाऱ्या तिच्या सस्पेन्शनमुळे आरामाची कल्पनाच बदलली. दुसऱ्या टोकाला बीएमडब्ल्यूने १९६१ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात १५०० हे मॉडेल मांडले आणि चार दारांची घरगुती गाडीही चालवणाऱ्याला आनंद देऊ शकते, या विचारावर कंपनीचा पुढचा सारा डोलारा उभा राहिला. मर्सिडीजने १९९३ च्या सी-क्लासमध्ये क्लासिक, एलिगन्स, एस्प्रिट आणि स्पोर्ट अशा चार रेषा ठेवल्या. ग्राहकाने आधी गाडी निवडायची आणि मग तिचा स्वभाव, ही पद्धत पुढे जवळपास सगळ्यांनी उचलली.

अमेरिकेतले कॅडिलॅक सेव्हिलचे उदाहरण विशेष बोलके आहे. १९९० च्या दशकात तिच्या एसएलएस आणि एसटीएस अशा दोन आवृत्त्या होत्या. दोन्हींत ४.६ लिटरचे आठ सिलिंडरांचे एकच इंजिन होते, पण एसटीएसमध्ये ते ३०० अश्वशक्तीचे आणि एसएलएसमध्ये २७५ अश्वशक्तीचे. कागदावर आरामदायी आवृत्ती दुबळी दिसते. मात्र तिचा टॉर्क किंचित जास्त होता आणि तो कमी फेऱ्यांवर मिळत असे, म्हणजे सिग्नलवरून निघताना पाय हलका ठेवला तरी गाडी सहज उचले. ताकद किती आहे यापेक्षा ती कुठे मिळते हे शहरात जास्त जाणवते. पुढे २००२ मध्ये याच एसटीएसमध्ये चुंबकीय द्रवाचे शॉकॲब्सॉर्बर आले. विजेचा प्रवाह बदलला की द्रवाचा घट्टपणा क्षणार्धात बदलतो, त्यामुळे एकच गाडी मऊही होऊ शकली आणि टणकही.

आराम म्हणजे नेमके काय, याचा पद्धतशीर शोध १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस मॉरिस ऑली या ब्रिटिश अभियंत्याने कॅडिलॅकमध्ये घेतला. रोल्स-रॉइसचा अनुभव गाठीशी असलेल्या ऑलीने एका मोठ्या गाडीला पुढेमागे सरकवता येतील अशी वजने लावली आणि तिच्यात माणसे बसवून चाचण्या घेतल्या. उंचवट्यावर आधी पुढची चाके चढतात, मग मागची. २.६५ मीटर व्हीलबेसच्या गाडीत ताशी ६० किलोमीटर वेगाला या दोन धक्क्यांत जेमतेम ०.१६ सेकंदाचे अंतर असते. मागच्या स्प्रिंगा पुढच्यांपेक्षा थोड्या टणक ठेवल्या तर मागचा भाग लवकर झुलून पुढच्याला गाठतो आणि गाडी नाक खाली-वर न करता सपाट हलते, हे ऑलीने दाखवून दिले. आजही सेडानच्या सस्पेन्शनची आखणी याच तत्त्वापासून सुरू होते.

गाडीच्या झुलण्याची गती हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे यात मोजतात. आरामदायी सेडानचे सस्पेन्शन साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या घरात असते, स्पोर्टीचे त्याहून वर, २ हर्ट्झच्या दिशेने. आकडे जवळचे वाटले तरी अंतर बरेच आहे. १ हर्ट्झसाठी स्प्रिंग गाडीच्या वजनाखाली सुमारे २५ सेंटीमीटर दबावी लागते, २ हर्ट्झसाठी फक्त ६ सेंटीमीटर. उभ्या कंपनांपैकी ४ ते ८ हर्ट्झची कंपने माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त त्रास देतात. टणक स्प्रिंगा आणि पातळ टायर नेमकी याच पट्ट्यातली थरथर आत येऊ देतात. उलट अर्ध्या हर्ट्झच्या खालचे संथ हेलकावे मळमळ आणतात. मऊ सेडानच्या मागच्या सीटवर बसून घाट उतरताना ज्यांना उलटी होते, त्यांच्या बाबतीत दोष नेहमी पोटाचाच नसतो.

शॉकॲब्सॉर्बर हाच या निवडीचा गाभा आहे आणि माहितीपत्रकात त्याच्याबद्दलच सर्वांत कमी लिहिलेले असते. त्यातला दट्ट्या हळू हलतो तेव्हा गाडीचे शरीर सावरायचे असते : वळणावरचे झुकणे, ब्रेक लावल्यावर नाक दबणे. तो वेगाने हलतो तेव्हा खड्ड्याचा तीक्ष्ण धक्का गिळायचा असतो. चांगल्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये या दोन कामांसाठी झडपांची जुळणी वेगवेगळी केलेली असते. म्हणूनच नीट घडवलेली स्पोर्टी सेडान समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या मर्यादेला मऊ सेडानपेक्षा जास्त सुखाची वाटते. पुलाच्या सांध्यावरून गेली की ती एकदाच हलते आणि स्थिर होते, मऊ गाडी आणखी दोनदा डोलते. तीच स्पोर्टी गाडी कॉलनीतल्या उखडलेल्या रस्त्यावर ताशी २० ला मात्र दात वाजवते. स्टॅबिलायझर बारचेही असेच आहे. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा दांडा जाड असला की वळणावर गाडी झुकत नाही, पण एकाच बाजूच्या खड्ड्याचा धक्का तो दुसऱ्या बाजूलाही पोचवतो आणि आतल्यांची डोकी डावी-उजवी हलतात. पावसाळ्यातल्या शहरी रस्त्यावर खड्डे बहुधा एकाच चाकाखाली येतात, त्यामुळे हा दोष तिथे फार जाणवतो.

टायरचा हिशेब मात्र कोणालाही करता येतो, आणि तो करूनच शोरूममधून बाहेर पडावे. टायरच्या कडेवर २२५/५० आर १७ असे छापलेले असते. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी. रुंदीच्या ५० टक्के, म्हणजे सुमारे ११२ मिलिमीटर, ही रबराच्या भिंतीची उंची, आणि १७ हा रिमचा इंचातला व्यास. बीएमडब्ल्यूच्या सध्याच्या ३ सिरीजमध्ये हा आकार वापरला जातो. तिलाच २२५/४५ आर १८ बसवला की भिंत १०१ मिलिमीटर होते आणि २२५/४० आर १९ बसवला की ९०. रस्ता आणि धातूचा रिम यांच्यामधली हवेची गादी सव्वादोन सेंटीमीटरने कमी झाली. मोठे रिम सहसा जडही असतात, आणि चाक जड झाले की ते खड्ड्यातून लवकर वर येत नाही. पंक्चर होऊनही धावणाऱ्या रन-फ्लॅट टायरच्या भिंती मुळातच टणक असतात, त्यामुळे तिथे हा परिणाम आणखी वाढतो. गिऱ्हाईक गाडीभोवती फिरून सर्वांत आधी मोठ्या रिमवर खूश होते आणि पहिल्या पावसाळ्यात खर्चही सर्वांत आधी रिमचाच येतो, म्हणून ही गोष्ट इथे विस्ताराने सांगितली आहे.

भारतात ३ सिरीजच्या निमित्ताने ही निवड अगदी स्पष्ट दिसते. साध्या ३ सिरीजचा व्हीलबेस २८५१ मिलिमीटर आहे. जानेवारी २०२१ मध्ये इथे आलेल्या ग्रॅन लिमोझिनचा २९६१ मिलिमीटर, आणि वाढलेल्या ११० मिलिमीटरांचा फायदा मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळाला. त्याच वर्षी मार्चमध्ये एम३४०आय आली : सहा सिलिंडर, ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना ताकद. एकाच घराण्यातल्या या दोन गाड्यांपैकी एक मालक मागे बसणार असे धरून चालते, तर दुसरी तो स्टिअरिंगवर बसणार असे. लांब व्हीलबेसची गाडी हायवेवर स्थिर चालते, पण उंच गतिरोधकावर तिचे पोट आधी टेकते, कारण पुढची चाके उतरून गेली तरी मागची अजून दूर असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर हवी. गावोगावी रात्रीतून उभे राहणारे अरुंद, टोकदार उंचवटे हे मानक पाळत नाहीत, आणि सेडानवाल्याला गाडी तिरकी घालून ते ओलांडावे लागतात. ज्याच्या रोजच्या वाटेवर असे गतिरोधक आहेत, त्याने उंची कमी केलेल्या स्पोर्ट सस्पेन्शनचा नाद सोडलेलाच बरा.

मध्यम किमतीच्या सेडानमध्ये प्रश्न वेगळा आहे. तिथे स्पोर्टी आवृत्ती म्हणजे बहुधा मोठे इंजिन. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात तेव्हा तयार होणाऱ्या फियाट लिनियाला २०१० मध्ये टी-जेट हे १.४ लिटरचे टर्बो इंजिन मिळाले. साध्या पेट्रोल लिनियाची ताकद सुमारे ९० अश्वशक्ती होती, टी-जेटची ११४. वजनदार गाडीला अखेर शोभेलसा पिकअप आला. चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस २०२२ मध्ये आली ती दोन इंजिनांसह : १.० लिटरचे ११५ अश्वशक्ती आणि १७८ न्यूटन-मीटरचे, आणि १.५ लिटरचे १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटरचे. ह्युंदाई व्हर्नाच्या २०२३ च्या पिढीत हाच फरक ११५ आणि १६० अश्वशक्तींचा आहे.

व्हर्टसमध्ये गिअरबॉक्सकडेही पाहावे. १.० लिटरचा ऑटोमॅटिक हा सहा गतींचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, तर १.५ लिटरला सात गतींचा, दोन क्लचचा डीएसजी मिळतो. मोकळ्या रस्त्यावर डीएसजीची गिअर बदलण्याची चपळाई सुखद आहे. पुण्यातल्या सिंहगड रोडवर संध्याकाळी इंचाइंचाने पुढे सरकताना मात्र टॉर्क कन्व्हर्टरच अधिक मऊपणे चालतो, क्लच तापण्याची काळजीही नसते. रोजचा प्रवास अशा गर्दीतला असेल तर कमी ताकदीची गाडी खरोखरच जास्त सुखाची ठरते. दुसरी गोष्ट नावाची. २०२४ मध्ये व्हर्टसची जीटी लाइन आली तेव्हा तिच्यात काळी सजावट होती आणि इंजिन १.० लिटरचेच. यात फसवणूक नाही, माहितीपत्रकात सारे लिहिलेले आहे. पण जीटी, स्पोर्ट, लाइन या शब्दांवरून यांत्रिक फरक गृहीत धरू नये. काळे आरसे आणि लाल शिलाई आवडली म्हणून गाडी घेणे यात काही वावगे नाही, मात्र पैसे रंगाचे देतो आहोत की यंत्राचे, हे ठाऊक असावे.

चाचणीसाठी विक्रेता सहसा गुळगुळीत रस्त्याची एक फेरी मारून आणतो. तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. दोन्ही आवृत्त्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवाव्यात आणि आधी टायरमधली हवा दारावरच्या पट्टीप्रमाणे आहे का ते पाहावे, कारण जास्त हवेने आरामदायी गाडीही टणक लागते. एक फेरी मागच्या सीटवर बसून करावी, शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन. स्पोर्टी सीटच्या उंच कडा वळणावर पाठ धरून ठेवतात, पण साडी नेसलेल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला त्या कडा ओलांडून उतरणे जड जाते. ही अडचण पाच मिनिटांत कळते आणि पुढची आठ-दहा वर्षे टळते.

विजेवर चालणाऱ्या सेडानमध्ये तोल थोडा बदलला आहे. बॅटरीच्या वजनामुळे स्प्रिंगा मुळातच टणक ठेवाव्या लागतात आणि ताकद साध्या आवृत्तीतही भरपूर असते. मार्च २०२४ मध्ये भारतात आलेल्या बीवायडी सीलच्या प्रीमियम आणि परफॉर्मन्स या दोन आवृत्त्यांत ८२.५६ किलोवॉट-तासांची एकच बॅटरी होती. परफॉर्मन्सला दोन मोटारी आणि ५३० अश्वशक्ती, प्रीमियमला एक मोटार आणि ३१३. कंपनीच्या दाव्यानुसार एका चार्जमध्ये प्रीमियम ६५० किलोमीटर जाते, परफॉर्मन्स ५८०. पुणे-नागपूर प्रवासात चार्जरपाशी किती वेळ थांबावे लागते, तेही आता आरामाच्याच हिशेबात धरावे लागते.

स्पोर्टी आवृत्ती घेतल्यावर ती टणक वाटली तर एक उपाय उरतो : एक इंच लहान रिम आणि उंच भिंतीचा टायर, एकूण व्यास तेवढाच राखून. ब्रेक कॅलिपर त्या रिममध्ये मावतो का आणि टायरची भार पेलण्याची क्षमता मूळ टायरइतकी आहे का, हे आधी तपासावे लागते. स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर बदलण्याच्या फंदात मात्र पडू नये. त्यांची जुळणी कंपनीने एकमेकांना धरून केलेली असते, आणि नुसती स्प्रिंग बदलली की शॉकॲब्सॉर्बर तिला सावरू शकत नाही.