असेंबल्ड संगणक : घरगुती ध्वनिमुद्रणासाठी निवड

असेंबल्ड संगणक, घरगुती ध्वनिमुद्रणाचा : घरच्या घरी गायन-वादनाचे ध्वनिमुद्रण, संपादन व मिश्रण करता यावे म्हणून प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवण, वीजपुरवठा आणि कॅबिनेट हे भाग स्वतंत्रपणे निवडून जोडून घेतलेला डेस्कटॉप संगणक. आयबीएमने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरची रचना खुली असल्याने वेगवेगळ्या उत्पादकांचे भाग एकत्र जोडण्याची वाट मोकळी झाली, तर १९९५ मधील एटीएक्स या मानकामुळे मदरबोर्ड, वीजपुरवठा आणि कॅबिनेट यांची मापे परस्परांशी जुळू लागली. १९९७ मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने एएसआयओ ही प्रणाली दिली. तिच्यामुळे ध्वनी विंडोजच्या सर्वसाधारण ध्वनिव्यवस्थेला वळसा घालून थेट यंत्राकडे पोचू लागला आणि साध्या डेस्कटॉपवर स्टुडिओच्या तोडीचे काम शक्य झाले.

अशा संगणकाची निवड स्थानिक गरजेनुसार बदलते; येथे जालना जिल्ह्याचा विचार केला आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असून भजन, कीर्तन आणि हरिनाम सप्ताह यांची परंपरा गावोगावी रुजलेली आहे. त्यामुळे येथील घरगुती ध्वनिमुद्रणात मुख्य गायक, टाळकरी, पखवाज, हार्मोनियम आणि वीणा यांचा एकत्रित आवाज टिपण्याचा प्रसंग वारंवार येतो, आणि संगणकाची निवड याच गरजेपासून सुरू व्हावी लागते.

कार्यतत्त्व : मायक्रोफोनमधून येणारा विद्युत संकेत ऑडिओ इंटरफेस हे उपकरण अंकांत रूपांतरित करते. दर सेकंदाला किती नमुने घेतले जातात, त्यास सॅम्पल रेट म्हणतात. सीडीसाठी तो ४४,१०० असतो, तर ध्वनिमुद्रणात बहुधा ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास २४ बिट असे प्रमाण ठेवतात. २४ बिटमुळे आवाजाची पातळी सुरुवातीस थोडी खाली ठेवता येते, आणि पखवाजाची थाप अचानक जोरात पडली तरी ती फाटत नाही. नमुने संगणकाकडे गटागटाने जातात. या गटाला बफर म्हणतात. १२८ नमुन्यांचा बफर भरण्यास सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात, तर १,०२४ नमुन्यांच्या बफरला सुमारे २१ मिलिसेकंद. या विलंबास लेटन्सी ही संज्ञा आहे. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज दहा मिलिसेकंद उशिरा ऐकू येणे म्हणजे साडेतीन मीटर लांब बसलेल्या साथीदाराचा आवाज ऐकण्यासारखे असून, त्याहून बराच अधिक विलंब झाल्यास गायकाची लय डळमळू लागते. बफर लहान ठेवावा तर प्रोसेसरला प्रत्येक गट ठरलेल्या वेळेत हातावेगळा करावा लागतो. ही वेळ चुकली की मुद्रणात ‘टक्’ असा आवाज शिरतो. म्हणून या कामात संगणकाच्या कमाल वेगापेक्षा त्याच्या कामातील सातत्य अधिक मोलाचे ठरते.

भागांची निवड : एका ट्रॅकवरील इफेक्ट एकामागून एक, साधारणतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालत असल्याने कोअरची संख्या वाढवण्यापेक्षा प्रत्येक कोअरचा वेग पाहावा, घरगुती कामास सहा कोअर पुरेसे होतात. रॅम १६ जीबी असावी आणि ती दोन सारख्या पट्ट्यांत घ्यावी. वाद्यांच्या ध्वनिसंग्रहांवर काम करणाऱ्यांनी ३२ जीबी घेणे योग्य. वरील प्रमाणात आठ ट्रॅकचे एक तासाचे मुद्रण सुमारे ४.१ जीबी जागा घेते, त्यामुळे प्रणालीसाठी एक आणि मुद्रणासाठी दुसरी एसएसडी ठेवून प्रत नियमितपणे बाहेरील हार्ड डिस्कवर घ्यावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज नसते. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सने काम भागते आणि एक पंखाही वाचतो. कार्डाचा वाचलेला पैसा ऑडिओ इंटरफेस व मायक्रोफोन यांवर खर्च करणे श्रेयस्कर.

उष्णता, धूळ व आवाज : जालन्यात मे महिन्यात तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ध्वनिमुद्रण चालू असताना छताचा पंखा आणि कूलर दोन्ही बंद ठेवावे लागतात, खोली तापते, प्रोसेसर गरम होऊन त्याचा पंखा वेगाने फिरू लागतो आणि तीच घरघर मायक्रोफोनमध्ये उतरते. तापमान आणखी वाढल्यास प्रोसेसर स्वतःचा वेग घटवतो. यावर उपाय म्हणून प्रोसेसरसाठी मोठा कूलर, १२० किंवा १४० मिलिमीटरचे संथ फिरणारे पंखे आणि धुळीची जाळी असलेले ऐसपैस कॅबिनेट निवडावे. हवा आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा अधिक ठेवल्यास फटींतून शिरणारी धूळ कमी होते. शक्य असल्यास कॅबिनेट शेजारच्या खोलीत ठेवून केबल भिंतीतून आणणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

वीज व अर्थिंग : सदोष अर्थिंगमुळे किंवा उपकरणे वेगवेगळ्या बोर्डांवर जोडल्याने मुद्रणात ५० हर्ट्‌झची आणि तिच्या पटीतील गुणगुण येते. जिल्ह्यातील काळी माती व तिच्याखालचा बेसाल्ट खडक उन्हाळ्यात कोरडा पडला की जमिनीचा विद्युतरोध वाढतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे लागते. संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच तीन-पिन बोर्डावरून चालवावेत. गुणगुण घालवण्यासाठी अर्थची पिन काढून टाकणे जिवावर बेतू शकते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकर व इंटरफेस करकरण्याचा संभव असल्याने प्युअर साइन वेव्ह यूपीएस घ्यावा. वीजपुरवठ्याचा एसएमपीएस मान्यताप्राप्त ८० प्लस प्रमाणाचा असावा.

खरेदी, जुळणी व चाचणी : भाग जालना शहरातील दुकानांतून, सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरमधून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील बाजारातून घेता येतात. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असल्याने बिलावर भागाचे नाव व क्रमांक लिहून घ्यावा, आणि सर्व्हिस सेंटर जवळ कोठे आहे हे आधी विचारावे. इंटरफेस हबमध्ये न लावता मदरबोर्डच्या मागील यूएसबी पोर्टमध्ये लावावा. जुळणी झाल्यावर लेटन्सीमॉनसारख्या प्रोग्रामने कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते तपासावे. वाय-फायचा ड्रायव्हर दोषी आढळल्यास मुद्रणाच्या वेळी तो बंद ठेवावा. त्यानंतर पंखे बंद असलेल्या खोलीत, भर दुपारी, आठ ट्रॅकचे तासभर सलग मुद्रण करून पाहावे.

सप्ताहातील भजन किंवा वयोवृद्ध गायकाने म्हटलेली चाल पुन्हा तशीच मिळेल याची शाश्वती नसते, म्हणून ही तासाभराची चाचणी पार करणारा मध्यम क्षमतेचा संगणक तीत अडखळणाऱ्या महागड्या संगणकापेक्षा निश्चितच सरस मानावा.