एक द्रव की दोन?

कॅलक्युलेटरच्या पडद्यावरचे काळे आकडे ज्या द्रवस्फटिकांमुळे उमटतात, ते मुळी अस्तित्वातच नाहीत, असे एकेकाळी नामवंत शास्त्रज्ञ ठासून सांगत होते. रसायन अभियांत्रिकी शिकताना मला हा वाद कुणी शिकवला नाही. पुढे वाचनात आला, तेव्हा मूळ शोधापेक्षा तोच अधिक रंजक वाटला.

१८८८ साली प्रागमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर गाजरातील कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्यापासून केलेले बेंझोएट १४५.५ अंश सेल्सिअसला वितळले, पण द्रव झाला दुधासारखा गढूळ. १७८.५ अंशांना तो एकदम निवळला. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! त्यांनी नमुना ऑटो लेहमान यांना पाठवला. लेहमान यांच्या तापत्या सूक्ष्मदर्शकाखाली, ध्रुवित प्रकाशात, तो वाहता द्रव स्फटिकासारखा वागला.

यावर गुस्ताव टामान यांचा आक्षेप साधा होता, आणि खरे सांगायचे तर मुळीच मूर्खपणाचा नव्हता. दूध पांढरे का दिसते? पाण्यातल्या स्निग्धकणांच्या असंख्य सीमापृष्ठांवर प्रकाश विखुरतो म्हणून. हेही तसेच असणार. अशुद्ध पदार्थ, दोन द्रवांचे मिश्रण, दुसरे काय? हा आक्षेप खरा ठरता तर लेहमान यांच्या आयुष्यभराच्या कामावर पाणी पडले असते.

पण पदार्थ कितीही शुद्ध केला तरी गढूळपणा जाईना. रुडोल्फ शेंक यांच्यासारख्यांनी घनता आणि चिकटपणा मोजला. गंमत अशी, की काही पदार्थांत गढूळ द्रव निवळल्यावर आणखी पातळ होण्याऐवजी उलट दाट होई. पाण्यात तेल घोटून पाहा, मिश्रण पाण्याहून दाटच होते; इथे तर गढूळ द्रवच पातळ! दोन द्रवांमधले खरे सीमापृष्ठ दिसे ते फक्त निवळण्याच्या तापमानाला: स्वच्छ द्रवात तरंगणारे गढूळ थेंब, काठाशी रेखीव. त्या थेंबांत रेणू एका दिशेने रांगेत, बाहेर अस्ताव्यस्त. पदार्थ तोच, अवस्था मात्र दोन.

१९२२ साली फ्रान्सच्या जॉर्ज फ्रीडेल यांनी या अवस्थांना नेमॅटिक, स्मेक्टिक, कोलेस्टेरिक ही नावे दिली आणि त्या एकमेकींत हळूहळू मिसळत नाहीत, तुटक उडीने बदलतात, हे ठामपणे मांडले. 'द्रवस्फटिक' हे नाव मात्र त्यांना साफ नापसंत होते. लेहमान त्याच वर्षी वारले. नाव त्यांचेच टिकले.