विज्जडविड: माहिती पुरेशी आहे का?

मंडळी, जीमॅट किंवा कॅटच्या नादी लागलेल्यांना डेटा सफिशियन्सी माहीत असेलच. यात उत्तर काढायचंच नसतं. दिलेल्या माहितीवरून ते निघेल का, एवढंच सांगायचं. क आणि ख मूळ संख्या आहेत, तर क किती? विधान १: दोघांची बेरीज ३९. विधान २: क हा ख पेक्षा लहान. बेरीज विषम, म्हणजे एक संख्या सम, आणि सम मूळ संख्या जगात एकच: २. दुसरी ३७. पण यातला क कोणता? पहिलं विधान इथे गप्प बसतं, दुसऱ्याची गरज लागतेच.

आता ११५० साली जाऊ. लीलावतीतल्या 'कुट्टक' प्रकरणात भास्कराचार्य विचारतात, २२१ ला कितीने गुणून ६५ मिळवले तर १९५ ने नि:शेष भाग जाईल? (कुट्टक मुळात त्यांचा नव्हे, आर्यभटाकडे तो ४९९ मध्येच आहे.) तिन्ही संख्यांना १३ ने भागा: १७, १५ आणि ५. उत्तर ५, कारण १७ पाचे ८५ अधिक ५ म्हणजे ९०, त्यात १५ सहा वेळा. १३ काढून टाकल्यावर उरलेल्या १७ आणि १५ ला ते 'दृढ' म्हणतात. १५ काही मूळ संख्या नाही, पण या जोडीत सामाईक अवयव उरला नाही, तेवढं पुरे.

आणि ६५ च्या जागी ६४ दिले असते तर? १३ ने पहिल्या दोघांना भाग जातो, ६४ ला जात नाही. असा प्रश्नच 'दुष्ट', सोडवायला बसू नका! काटेकोर बोलायचं तर ही 'माहिती अपुरी' नव्हे, 'माहितीच विसंगत'. पण सवय तीच, आधी प्रश्न तपासायची. आपण कोड आधी लिहितो आणि रिक्वायरमेंट नंतर वाचतो, असो.

आता खरा प्रश्न. भास्कराचार्य बीडचे का?

माझ्या टीममधला बीडचा मित्र यावर हमरीतुमरीवर येतो. "पेपरात आमचा दुष्काळ येतो, ऊसतोड येते. एक भास्कराचार्य तरी राहू द्या की राव!" त्याचं दुखणं खरं आहे. पुरावा बघू.

विधान १ खुद्द भास्कराचार्यांचं. जन्म शके १०३६, म्हणजे १११४. गाव विज्जडविड, सह्याद्रीच्या आश्रयाचं. 'विड'चं 'बीड' होणं कानाला पटतं. बालाघाट ही सह्याद्रीचीच शाखा, त्यामुळे ताणून भूगोलही बसतो. पण कानाच्याच भरवशावर काहींनी विजापूर काढलं, आणि १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर करणाऱ्या फैजीने तर बीदर सांगितलं. म्हणजे विधान १ एकटं अपुरं.

विधान २ दगडावर कोरलेलं. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख, साधारण १२०७ चा, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने तिथे मठ काढला. त्याच लेखात आहे की राजा जैत्रपालाने चांगदेवाच्या वडिलांना, लक्ष्मीधरांना, 'या पुरातून' आपल्याकडे नेलं. हे वजनदार आहे. घराणं पाटणला होतं, आणि पाटणही सह्याद्रीच्याच एका शाखेच्या पायथ्याशी.

दोन्ही मिळून? माझ्या मते पाटणचं पारडं जड आहे. पण बापाचा जन्म जिथे झाला तिथूनच मुलाला नेलं, असं लेख म्हणत नाही. आणि पाटणलाच विज्जडविड म्हणत, असंही त्यात नाही. बीड मागे पडतं, पण बाद होत नाही.

मित्राला म्हटलं, तिसरं विधान शोध. चतु:सीमेच्या गावांसकट विज्जडविडचं नाव असलेला एखादा ताम्रपट निघाला तर प्रश्न एका दिवसात सुटेल. तो म्हणाला, "आणि सीमेवर चाळीसगाव निघालं तर?"